बांगड्या वाजतात, असा शेरा

माझं माहेर उमरेडचं. आम्ही कोष्टी. बाबा मागावर बसायचे, आई कांड्यांवर सूत भरायची, आणि त्या खटखटीतच मी पाढे पाठ केले, मॅट्रिक केली, बी.ए. केलं. आवाजाचं मले कधी काही वाटलं नाही. आळीत बी.ए. झालेली पहिली पोरगी मीच, पण त्यात कौतुक सांगण्यासारखं काही नाही, बाबांना वाटायचं मास्तरीण झाली तर मागावर बसावं लागणार नाही, एवढंच.

लग्न होऊन नागपुरात आली, गोळीबार चौकात. घरात सासूबाई, थोरले दीर म्हणजे आमचे भासरे, आणि आमचे हे. हे मिलमध्ये होते, भासरे घरचा माग चालवत. मले नोकरी लागली कन्हानच्या शाळेत. सकाळची बस, ती गेली की दुसरीचा भरवसा नाही. हेडमास्तर माणूस सरळ होते. म्हणाले, बाई, तुम्ही शिकवता चांगलं, पण तुम्ही अनट्रेंड आहात, दोन वर्षांत बी.एड. करा, नाहीतर तुमच्या जागी ट्रेंड बाई घ्यावी लागेल, मग माझ्याकडे पाहू नका.

नोकरी करणाऱ्यांसाठी तेव्हा संध्याकाळचं बी.एड. होतं. त्याचे नियम काय सांगू तुम्हाला. प्रवेश कोणाले, तर जो शाळेत शिकवून राहिला त्यालेच. मधात नोकरी सुटली की नाव कटलं. म्हणजे बी.एड. नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर बी.एड. नाही. हजेरी भरली पाहिजे. लेखी वेगळं, प्रात्यक्षिक वेगळं, दोन्हींत पास व्हायचं. प्रात्यक्षिक म्हणजे वर्षभर सराव पाठ द्यायचे, मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई बसून शेरे लिहिणार, आणि शेवटी वार्षिक पाठ, त्याले बाहेरचे परीक्षक. त्या दिवशी गैरहजर राहिलं की नापास, मग पुढच्या वर्षी बघा.

आता माझा पहिलाच सराव पाठ झाला आणि शेरा आला, फळ्यावर लिहिताना बांगड्या वाजतात, विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होतं. दुसऱ्या पाठाले तोच शेरा. तिसऱ्याले बाईंनी बोलावूनच सांगितलं, अहो, दोन दोन ठेवा ना, काय एवढा चुडा. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई भडकल्या. म्हणे, कोण हाय वं ती, माह्या पोराच्या नावाच्या बांगड्या उतरवणारी? तिले म्हणा, आपले कान झाक. हे हसत बसले. म्हणे, मागाची दोरी देतो, हाताले बांधून घे, आवाजच बंद. मी काय करायची, वर्गात जायच्या आधी बांगड्या कोपराकडे सरकवायची आणि वरून रुमाल बांधायची. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात नेला की रुमाल सुटायचा, बांगड्या खाली यायच्या, शेरा यायचा. असं दुसरं वर्षही संपत आलं.

वार्षिक पाठाची तारीख लागली आणि त्याच हप्त्यात हे गेले. मिलमधून घरी येत होते, रस्त्यातच छातीत दुखलं, रिक्षावाल्यानं घरी आणलं ते तसंच आणलं. पुढचं मले सलग आठवत नाही. बायांनी मले मोरीजवळ बसवलं, बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी पाहत होती. कोणाचे तरी हात असल्यासारखे पाहत होती. रड वं, रड, असं सगळ्या म्हणत होत्या. रडू आलं नाही.

सोबत शिकणाऱ्या एका बाईनं माझा अर्ज कॉलेजात नेऊन दिला की तारीख पुढं ढकला. ती परत आली, म्हणाली, क्लार्कनं नियम काढून दाखवला, त्यात आजारपण आहे, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागते. मरण नाही त्यात. तू आजारी पडल्याचं सर्टिफिकेट घेऊ का म्हणे, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे. मी म्हटलं, नको.

पाठ तेरवीच्या आधी पडत होता. घराले सुतक. भासरे म्हणाले, तेरवीच्या आधी घरची बाई शाळेत जाऊन पोरायसमोर उभी राहीन? लोक थुंकतीन आपल्यावर. खरं सांगते, मले जायचं आहे असंही वाटत नव्हतं आणि नाही जायचं असंही नाही. सासूबाई भिंतीले टेकून बसल्या होत्या, दोन दिवसांपासून त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, नोकरी गेली तर तू पोसशीन का गा इले? जन्मभर? सांग आता, माह्यासमोर सांग. भासरे उठून बाहेर गेले. सासूबाई मले म्हणाल्या, तू लुगडं बदल, मी येतो सोबत.

पाठ महाल भागातल्या मुलींच्या शाळेत होता. सासूबाई व्हरांड्यात बसल्या, मी वर्गात गेली. विषय भूगोल, नदीचं कार्य. प्रस्तावनेचा प्रश्न विचारला, आपल्या शहरातून कोणती नदी वाहते? एक पोरगी म्हणाली, नाग नदी. दुसरी बसल्या जागेवरून म्हणाली, मॅडम, तो तर नाला हाय. सगळा वर्ग हसला. मग त्यांचं लक्ष माझ्या कपाळाकडे गेलं, हातांकडे गेलं, आणि एकेक करून त्या गप्प झाल्या.

मी फळ्याकडे वळली. वरच्या ओळीपर्यंत हात नेला. नुसता खडूचा आवाज. रुमाल बांधायला विसरली, असं वाटून मी मनगटाले हात लावला आणि मग लिहायले लागली. उगम, खनन, वहन, संचयन. पाठ टाचणात होतं तसं सगळं शिकवलं, गृहपाठ दिला, घंटा झाली.

मार्गदर्शक बाई परीक्षकांशेजारीच बसल्या होत्या. नंतर जवळ आल्या. म्हणाल्या, फलकलेखनाचं परीक्षकांनी कौतुक केलं हो, फार शांत पाठ झाला म्हणाले. मग त्यांनी माझे हात पाहिले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्या शेऱ्यांच्या वहीची पानं चाळत राहिल्या, आणि मीही त्यांची सुटका केली नाही. बाहेर सासूबाईंनी विचारलं, झालं? म्हटलं, झालं. म्हणाल्या, चाल मंग.

पास झाली. नोकरी टिकली. भासऱ्यांनी वर्षभर बोलणं टाकलं, मग माझ्या पगारावर घर चालते हे दिसलं तसं आपोआप बोलायले लागले. सासूबाई गेल्या त्याले पाच-सहा वर्षं झाली. आता मी प्रताप नगरात राहते, इकडच्याच शाळेत आहे. कन्हानची बस धरणं सुटलं, हे एक बरं झालं. लोक विचारतात, एवढं कसं सोसलं. सोसलं वगैरे काही नाही. त्या दिवसांत मी बधिर होती, थोडीफार अजून आहे, पण काम होते.

संध्याकाळच्या बी.एड.च्या पोरी आता आमच्या शाळेत पाठ द्यायले येतात. नियम तेच आहेत. मागच्या बाकावर शेरे लिहायले कधी कधी मलेच बसवतात. परवा एक नवी नवरी आली होती, कोपरापर्यंत हिरवा चुडा, फळ्यावर हात फिरला की सगळा वर्ग खणखण. पाठ संपल्यावर जवळ आली, चेहरा पडलेला. म्हणाली, मॅडम, बांगड्या फार वाजून राहिल्या काय? कमी करू काय?

मी म्हटलं, बाई, माझं लहानपण मागाच्या खटखटीत गेलं, मले असलं काही ऐकू येत नाही. अक्षर थोडं मोठं काढत जा. आणि जा, बस निघून जाईन तुझी.