तपासणीच्या दिवशी मालक बाहेर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते.

"आज तुझ्या कारखान्यात आयएसओ प्रमाणपत्रासाठी तपासणी, आणि तू माझ्याबरोबर इथे?"

"मुद्दाम आलोय, ताई. गेल्या वेळी तपासनिसांनी वेल्डरला विचारलं, उत्तर मी दिलं. गोदामात विचारलं, तिथेही मीच."

"मग?"

"म्हणाले, सगळी कंपनी तुमच्या एकट्याच्या डोक्यात, मग प्रमाणपत्र कुणाला द्यायचं? तेव्हा प्रत्येक काम कसं करायचं ते लिहून काढलं, माणसांना शिकवलं, आधी आपापसांत तपासणी केली. आता माझ्यावाचून काही अडत नाही."

"आणि मध्येमध्ये बोलायची तुझी खोड?"

"गेली! कायमची!"

तेवढ्यात नर्सबाई आल्या. "ताई, कुठली दाढ ठणकतेय?"

"उजवीकडची, खालची," भाऊ म्हणाला.

"डावीकडची," ताई उठता उठता म्हणाली, "आणि तू इथेच बस."