शेजारणीची गाठ

डॉक्टरीणबाईंचं व्याख्यान संपत आलं, तशी ऐकायला आलेल्या शिंपीणबाईंच्या बाजूला बसलेल्या दोघी जावांची चुळबुळ वाढली.

“जाऊबाई, चला ना. बस चुकेल.”

“चुकू दे. आधी छातीतल्या गाठीचं विचार.”

“एवढ्या लोकांत? दुखत तर नाही काही.”

“न दुखणारीही दाखवा, असं आत्ताच म्हणाल्या ना त्या?”

“कुणाची म्हणून विचारू?”

“शेजारणीची म्हण.”

“आणि कधीपासून, असं विचारलं तर?”

“दोन महिने.”

“चार.”

थोरली ताडकन उठली.

“बाई, आमच्या शेजारणीला चार महिन्यांपासून गाठ आहे.”

“मग त्यांना लगेच घेऊन या.”

“आलेय मी,” धाकटी उठत म्हणाली, आणि शिंपीणबाईंनी पाय आखडून तिला वाट करून दिली.