फोटोतली घडी

फ्रेमच्या दुकानात माझ्यापुढे एक म्हाताऱ्या बाई आणि त्यांचा मुलगा उभे होते. दुकानदाराने त्यांनी आणलेली जुनी फ्रेम उघडली.

“आजी, फोटो मागे दुमडलाय. इथे आणखी एक जण आहेत. या सरांच्या खांद्यावरचा हात त्यांचाच.”

“तेवढा भाग कापून टाका,” मुलगा म्हणाला. “विद्यापीठात लावायचाय. तिथल्या वाचनालयाला दादाचं नाव देतायत.”

“काही कापायचं नाही.”

“आई, चारचौघं बघतील तिथे.”

“बघू देत. पुरुषांवर जीव लावणाऱ्या पुरुषांचा इतिहास लिहिला त्यानं, म्हणूनच देतायत ना नाव? मग त्याचाच माणूस कापायचा?”

“लोक काय म्हणतील?”

“जन्मभर तेच ऐकलं. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्यातलं एक माणूस फिरकलं नाही. त्याची कूस बदलायला, दाढी करायला हाच होता.”

“मग यांनाही बोलावलंयस कार्यक्रमाला?”

“बोलावलंय. माझ्या शेजारी बसेल.”

“आजी, अख्खा फोटो घ्यायचा तर फ्रेम मोठी लागेल.”

“मोठी घ्या.”

“आणि ही घडीची रेघ बरोबर दोघांच्या मधून गेलीय. कॉम्प्युटरवर पुसून नवी प्रत काढून देतो. कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“हो, तेवढी तरी पुसा,” मुलगा म्हणाला.

“नको. ती घडी आपण घातलीय. दिसू दे.”