खिडकीकडची बाजू

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये, बसच्या पुढच्या सीटवरून मराठी ऐकू आलं, तशी कस्तुरीनं इअरफोन हळूच काढले. पासष्टीचं एक जोडपं फोनवर वाकून क्रोएशियाच्या बोटीचं बुकिंग करत होतं.

"एवढीशी बोट? बुडायची नाही ना हो?"

"अगं, छोटीच बरी. किनाऱ्याकिनाऱ्यानं जाते, रोज नव्या गावात थांबते. आता विचारतायत, डबल बेड की दोन सिंगल?"

"दोन सिंगल टाका. तुमची झोपमोड नको."

"आता कसली झोपमोड? शुक्रवारी माझी शेवटची नाइट शिफ्ट. मग रिटायर."

"सवय नाही हो. तीस वर्षं तुम्ही पहाटे वेअरहाउसमधून येताय नि मी उठून कामावर जातेय. सुट्टीतसुद्धा तुम्ही रात्रभर जागे, खाली टीव्हीसमोर."

"अंथरूण मात्र रोज गरम मिळतं मला."

"मुद्दाम पांघरूण पसरून जाते मी."

"…मग डबलच टाकतो."

"टाका."

"तुला कुठली बाजू? खिडकीकडची?"

"मला काय माहीत? मी तर मधोमध झोपते."

"मीही तिथंच."