दारातलं गवत

माझ्या लॉनची गोष्ट आधी ऐका, मग हसा. शहाद्याच्या घरापुढे मोठ्या हौसेने लावलं, पाणी दिलं, खत दिलं, तरी जागोजागी टक्कल. मी गल्लीतल्या नर्सरीवाल्यावर तुटून पडलो. "सडकं गवत विकतोस? पेपरात छापीन!"

"छापा दादा. पन एकदाव दुपारले घर जाई देखा."

गेलो. वडील वारल्यावर प्रकाशा गावाहून आणलेली माझी आई खुरपं घेऊन लॉन निंदत होती.

"माय, हाई गवत मुद्दाम लायेल शे!"

"माहीत शे, भाऊ. पन दारमा गवत वाढनं का लोके म्हनतस, या घरमा कोनी राहस नही." तिने आणखी एक मूठ उपटली. "तुन्हा बाप गया. मी शे ना आजून?"