कर उतरला, बेरीज तीच

आक्का : वरचा एक रुपया कसला रे?

फरहान : कुठला, आक्का?

आक्का : आषाढात कोटेशन दिलंस, दोन लाख सत्तावीस हजार सहाशे. आज बिलात सहाशे एक.

फरहान : टॅक्स लावताना आला असंल. सोडा की रुपया.

अभिनंदन : रुपयासाठी अर्धा तास! आत्ती, सही कर. सकाळधरनं उन्हात हाय तो.

(कसबा बावड्यातलं घर. गच्चीवर सोलर बसवून फरहान नुकताच खाली आलाय. पद्मावतीआक्कांनी चष्मा पुसून बिल दुसऱ्यांदा हातात घेतलंय. भाचा अभिनंदन पेनचं टोपण काढून उभा. फरहानला त्यानंच आणलं होतं.)

आक्का : रुपया न्हाय खटकत. बाकीची रक्कम जशीच्या तशी कशी, ते खटकतंय. टॅक्स उतरला न्हवं मधी?

फरहान : उतरला की. पॅनेलवर बारा टक्के हुता, आता पाच.

बिल : माल सत्तर टक्के, जीएसटी पाच. काम तीस टक्के, जीएसटी अठरा.

आक्का : ह्ये तीस टक्के काम कुणी मोजलं? दोन माणसं, दीड दिवस.

फरहान : मोजत न्हाईत, आक्का. माल आन् बसवणं एकत्र दिलं की सरकारच तसं धरतंय. मजुरी कमी हू दे, जास्त हू दे.

अभिनंदन : तिथंच मारत्यात बघ. अठरा टक्के!

आक्का : अठरा तवाबी हुता. तू मधी बोलू नगंस. टॅक्स जवळजवळ धा हजारानं कमी झाला, मग बेरीज तीच कशी?

फरहान : मूळ किंमत वाढली. दोन लाखाची दोन लाख नऊ हजार. कंपनीनं वाढवली.

आक्का : कवा?

फरहान : दिवाळीत.

आक्का : माझ्याकडं बघून सांग. त्याच्याकडं काय बघतोस?

अभिनंदन : चूक तुझीच हाय, आत्ती. चातुर्मासात गच्चीला भोकं नगं, किडामुंगी मरतीया, म्हणून काम कुणी थांबवलं? तवाच केलं असतंस तर...

आक्का : तर टॅक्स जास्त गेला असता. फरहान, कंपनीचं बिल दाव.

फरहान : दुकानात हाय.

आक्का : मोबाईलवर येतंय. पतसंस्थेत तीस वर्षं बिलंच तपासलीत मी.

अभिनंदन : कुणाची खरेदी अशी मागायची नसती, आत्ती.

आक्का : न्हाय दावलं तर सही न्हाय. आन् गल्लीत अजून चार घरं सोलर घेणार हायत, त्यांना काय सांगायचं ते मी सांगीन.

फरहान : ऱ्हाऊ द्या, आक्का. भाव वाढल्याला न्हाय.

आक्का : मग नऊ हजार? तुझ्या खिशात?

फरहान : अल्लाशप्पथ, एक पैसा न्हाय. मला सांगितलं, ठरलंय तेवढं आक्का देणारच हायत, बेरीज तीच ठेव.

आक्का : कुणी सांगितलं?

(फरहान परत अभिनंदनकडं बघतो.)

अभिनंदन : चार महिनं वीज ऑफिसात हेलपाटे कुणी मारले? पेट्रोल फुकट येतंय व्हय?

आक्का : नवं बिल कर, फरहान. दोन लाखावर.

अभिनंदन : परक्यासमोर माझी इज्जत काढतीस? तुझ्या सख्ख्या भावाचा पोरगा हाय मी!

आक्का : म्हणून तर तुझ्याकडं कवा बिल मागितलं न्हाय.