गिरणीची घरघर

अंबडच्या स्टँडवर बाळ नुकतंच माझ्या खांद्यावर झोपलं होतं, आणि शेजारच्या बाकावर मांडीवर टॅब घेतलेल्या मुलीचा बापावर आवाज चढला.

"आठ महिने बनवलेलं संगीत होतं त्यात, अण्णा! पुसलंच कसं?"

"संगीत कुठं होतं, वंदना? ना बोल, ना ढोलकी. दहा मिनिटं नुसती घरघर. मला वाटलं टॅब बिघडला. दुकानवाल्याला म्हणलं, बिलकुल साफ कर."

"ते तसंच असतं! हळूहळू वाजतं, ऐकता ऐकता माणूस शांत होतो."

"मी तर घाबरलो. आपल्या गिरणीवानी आवाज येऊन राह्यला व्हता."

"गिरणीचाच होता तो! इंजिनची धडधड, पट्ट्याची फटफट, मधेच तुमचं खोकणं."

"मंग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही विचारलं का? चाळणी उसनी द्यायची तरी आईला विचारता."

"बरं, घरी चल. पुन्हा भरून घे, जल्दी होईल."

"कशावरून भरू? इंजिन गेल्या महिन्यात भंगारात दिलं तुम्ही. लाइटवरच्या नव्या मशीनला तो आवाज न्हाई."

"एकदा ऐकवलं असतंस, तर पुसू दिलं असतं का मी?"

"ऐकलं की, अण्णा. दहा मिनिटं ऐकलं, ओळखलं, आणि मंग पुसलं."